दुसऱ्याचे कांसे

लॅटिन भाषेत 'एस' असा एक छोटासा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ तांबे किंवा कांसे. पुढे त्याचाच अर्थ पैसा असा झाला. रोमच्या सरकारी खजिन्याला 'एरारियम' म्हणत, म्हणजे कांशाचे कोठार. त्या कोठारात सोने-रुपे साठू लागल्यावरही नाव तेच राहिले. सैनिकाच्या वेतनाला 'स्टिपेंडियम' म्हणत, आणि त्या शब्दाच्या उत्तरार्धात 'तोलणे' हा अर्थ दडलेला आहे. परंतु या कुळातला सर्वांत बोलका शब्द कर्जासाठी योजलेला आढळतो : 'एस अलिएनुम', म्हणजे 'दुसऱ्याचे कांसे'. जे माझ्या हाती आहे पण माझे नाही, ते कर्ज.

रोमन साम्राज्याच्या पैशाचा इतिहास बहुधा सोन्याचांदीच्या अंगाने सांगितला जातो. चांदीच्या नाण्यात हीण किती मिसळले, कोणत्या सम्राटाने मिसळले, सोन्याचे नाणे किती शतके टिकले, असे प्रश्न त्यात मुख्य असतात. आपल्याकडील वाचकाला तर रोमन पैसा आठवतो तो थोरल्या प्लिनीच्या तक्रारीमुळे. हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्शिअस ओढून नेतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा व्यापार चुकता होत असे तो सोन्याचांदीत, पण प्लिनीने हिशेब मांडला तो सेस्टर्शिअसमध्ये, आणि त्याच्या काळी सेस्टर्शिअस हे पितळेचे नाणे होते. साम्राज्याची सारी गणना ज्या एककात होई, ते बाजारात फिरणारे एक जाडजूड पिवळे नाणे होते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

'कांस्य नाणी' हा शब्द नाणेशास्त्रात सैलपणे वापरतात. त्यात कथील व शिसे मिसळलेले कांसे येते, शुद्ध तांबे येते आणि पितळही येते. या सर्व नाण्यांत एक गोष्ट समान होती. रोमच्या आरंभीच्या शतकांचा अपवाद सोडला, तर त्यांची दर्शनी किंमत त्यांच्यातील धातूच्या किमतीपेक्षा जास्त असे. या दोन किमतींमधील फरक म्हणजे काय? ज्याच्या हाती ते नाणे असे त्याला राज्याने दिलेला तो शब्द होता. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर तो फरक म्हणजे राज्याने नाणेधारकाकडून घेतलेले एक छोटेसे कर्ज होते, आणि तो धारक बहुतेक वेळा हातावर पोट असणारा माणूस होता. रोमन खुर्द्याचा इतिहास या कर्जाचा इतिहास म्हणून वाचला, तर सोन्याचांदीच्या इतिहासात न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात.

आरंभी असे कर्ज नव्हते. रोमच्या प्राचीन व्यवहारात कांशाचे ओबडधोबड गोळे तराजूत तोलून दिले जात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस याने वर्णिलेल्या एका विधीत त्या जुन्या व्यवहाराची आठवण टिकून आहे. गुलाम, जमीन किंवा बैल यांची मालकी विधिपूर्वक दुसऱ्याकडे सोपवायची असेल, तर पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला लागत आणि सहावा एक जण तराजू धरून उभा राही. घेणारा हातातल्या कांशाच्या तुकड्याने तराजूवर टोला देई आणि तो तुकडा किंमत म्हणून देणाऱ्याच्या हाती ठेवी. गायसच्या काळात हा विधी नावापुरताच उरला होता. खरी किंमत अर्थातच निराळी दिली जाई. एके काळी कांसे खरोखरच तोलले जात होते, म्हणून हा विधी आहे, असे तो स्पष्टीकरण देतो.

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात रोमने कांशाच्या दीड किलोच्या आसपास वजनाच्या विटा ओतल्या. त्यांवर बैल, तलवार अशा आकृती उमटवलेल्या असत. एका विटेवर एका बाजूस हत्ती आणि दुसऱ्या बाजूस डुकरीण आहे. पिऱ्हस राजाने इटलीत आणलेल्या हत्तींची ही आठवण असावी असे मानले जाते. त्याच सुमारास गोल ओतीव नाणीही निघाली. त्यांतले मुख्य नाणे 'अस'. त्याचे वजन एक रोमन पौंड, म्हणजे सुमारे ३२४ ग्रॅम. त्याचे बारा भाग पडत आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव होते. हे नाणे म्हणजे शिक्का मारलेले वजनच होते. शंभर अस न्यायचे तर ३२ किलो धातू उचलावा लागे. नागरिक युद्धकर भरण्यासाठी कांसे गाड्यांत घालून खजिन्याकडे नेत, असे लिव्हीने जुन्या काळाविषयी लिहिले आहे. अशा नाण्यात विश्वासाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण घेणारा धातू घेतो आणि धातूच देतो.

हा प्रश्न निर्माण केला तो हॅनिबलने. इसवी सनपूर्व २१८ मध्ये दुसरे प्यूनिक युद्ध सुरू झाले. पुढील दोन वर्षांत ट्रासिमेनेच्या काठी आणि कॅनीच्या मैदानावर रोमची सैन्येच्या सैन्ये नष्ट झाली. नवी सैन्ये उभी करायची तर वेतन हवे, वेतनासाठी नाणी हवीत, आणि धातू अपुरा. तेव्हा असचे वजन प्रथम निम्म्यावर आले. मग ते उतरतच गेले आणि इसवी सनपूर्व २११ च्या सुमारास दोन औंसांवर, म्हणजे मूळच्या एक षष्ठांशावर स्थिरावले. याच वेळी देनारिअस हे चांदीचे नवे नाणे निघाले आणि त्याची किंमत दहा अस ठरली. या वजनकपातीत राज्याला पाच हिस्से नफा झाला आणि त्यातून राज्याचे देणे फिटले, असे प्लिनी सांगतो. त्याने ही घटना पहिल्या प्यूनिक युद्धात घातली आहे, आणि आजचे अभ्यासक ती दुसऱ्या युद्धातील मानतात. पण तिचा अर्थ त्याला नेमका कळला होता. देणे फेडण्यासाठी त्याने जो शब्द वापरला आहे तो 'दुसऱ्याचे कांसे' हाच.

आता अस हे वजन राहिले नाही, ते नाव झाले. इसवी सनपूर्व १४१ च्या आसपास देनारिअसची किंमत दहाऐवजी सोळा अस करण्यात आली. तरीही त्याचे नाव 'दहाचे नाणे' असेच राहिले. इसवी सनपूर्व ९१ च्या सुमारास एका कायद्याने असचे वजन अर्ध्या औंसावर आणले. तीनशे चोवीस ग्रॅमपासून सुरू झालेला प्रवास तेरा-चौदा ग्रॅमपर्यंत येऊन पोहोचला.

नाणे म्हणजे नाव झाले, की त्या नावाची किंमत ठरवतो कोण, हा प्रश्न राजकारणाचा होतो. यानंतरच्या दशकात तो रस्त्यावर आला. आपल्याजवळ नेमके किती आहे हे कोणालाच सांगता येऊ नये, इतका तेव्हा पैशाचा भाव हेलकावत होता, असे सिसेरो लिहितो. प्रेटर आणि ट्रिब्यून या अधिकाऱ्यांनी मिळून एक फर्मान तयार केले आणि दुपारी एकत्र जाऊन ते जाहीर करायचे ठरले. पण त्यांच्यातील मारिउस ग्राटिडिआनस या प्रेटरने बैठकीतून उठून थेट व्यासपीठ गाठले आणि सर्वांचे फर्मान एकट्याच्या नावावर वाचून दाखवले. सिसेरोने ही हकिकत सांगितली ती अप्रामाणिकपणाचा दाखला म्हणून. पण त्याच्या निवेदनात पुढचा तपशीलही येऊन गेला आहे. रोमच्या गल्लोगल्ली लोकांनी ग्राटिडिआनसचे पुतळे उभारले आणि त्यांच्यापुढे धूप व मेणबत्त्या लावल्या. चलनाचा घोळ निस्तरणाऱ्या माणसाला देवासारखे पुजावे असे लोकांना का वाटले असेल, याचा विचार सिसेरोने केला नाही. त्याची संपत्ती जमिनीत आणि घरांत होती. धूप लावणाऱ्यांची गाठीला बांधलेल्या नाण्यांत असावी. इसवी सनपूर्व ८२ मध्ये सुल्लाच्या पक्षाने ग्राटिडिआनसला हाल करून ठार मारले.

त्यानंतर जवळजवळ दोन पिढ्या रोमच्या टाकसाळीने कांशाची नाणी पाडलीच नाहीत म्हटले तरी चालेल. सेनापतींना आपापली सैन्ये पोसायची होती आणि त्यासाठी चांदी लागे. भाजीपाल्याच्या व्यवहारासाठी मोड कोठून आणायची हा कोणत्याच सेनापतीचा प्रश्न नव्हता. लोकांनी जुनी झिजलेली नाणी वापरली आणि मोड कमी पडली तेव्हा ती छिन्नीने मधोमध तोडून अर्धी केली.

यादवी संपवून सत्तेवर आलेल्या ऑगस्टसने इसवी सनपूर्व २३ नंतरच्या काही वर्षांत खुर्द्याची घडी नव्याने बसवली. आतापर्यंत चांदीचे असलेले सेस्टर्शिअस आता पितळेचे झाले. त्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम आणि किंमत चार अस. त्याच्या निम्मे दुपोंदिउस, तेही पितळेचे. अस मात्र शुद्ध तांब्याचे, सुमारे ११ ग्रॅमचे. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे क्वाद्रान्स ही सर्वांत लहान चकती. वरच्या बाजूला सोळा असांचा एक देनारिअस आणि पंचवीस देनारिअसांचा एक सोन्याचा ऑरिअस, म्हणजे एका सुवर्णनाण्याला ४०० अस. शब्द पाळला जाईल अशी ही स्पष्ट शिडी होती. दुपोंदिउस आणि अस आकाराने सारखेच, पण एक पिवळे आणि दुसरे तांबूस, त्यामुळे निरक्षर माणसालाही फरक कळे. आज संग्रहालयांत दोन्ही सारखीच हिरवट-काळी दिसतात. तो जमिनीखालच्या दोन हजार वर्षांचा परिणाम आहे.

पितळेची निवडही विचारपूर्वक केलेली होती. शुद्ध जस्त वेगळे काढण्याची विद्या रोमनांना अवगत नव्हती. तांबे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवायचा, म्हणजे जस्ताची वाफ तांब्यात मुरते, ही त्यांची रीत होती. हे काम कौशल्याचे असल्याने पितळ तांब्यापेक्षा महाग मानले जाई. म्हणूनच चार असांचे ४४ ग्रॅम तांबे आणि एका सेस्टर्शिअसचे २५ ग्रॅम पितळ यांची किंमत सारखी ठरवता आली. ऑगस्टसच्या काळी या पितळेत जस्ताचे प्रमाण साधारणपणे २० टक्क्यांहून अधिक असे. पुढील दोन शतकांत ते घटत गेले, कारण जुनी नाणी पुनःपुन्हा वितळवली जात आणि दर वेळी थोडे जस्त उडून जाई. बाजाराने त्याची दखल घेतल्याचे दिसत नाही. चार असांचे सेस्टर्शिअस चार असांचेच राहिले. जस्त उडत होते पण शब्द टिकून होता.

हा शब्द किती खोलवर पोहोचला होता हे पाँपेईच्या भिंती सांगतात. एका मद्यगृहाच्या भिंतीवर दर लिहिले आहेत : साधी दारू एक अस, बरी दोन अस, आणि नामांकित फालेर्नियन चार अस. दुसऱ्या एका भिंतीवर कोणीतरी काही दिवसांचा घरखर्च टिपला आहे. पाव, तेल, कांदे, चीज, दारू यांच्या बरोबरीने गुलामासाठी पाव दोन अस अशीही नोंद त्यात आहे. पोर्तुगालमधील आल्युस्त्रेल येथे १८७६ मध्ये सापडलेल्या एका कांस्यपटावर हाड्रिअनच्या काळातील खाणवसाहतीचे नियम कोरलेले आहेत. तेथील सार्वजनिक स्नानगृहात बायकांना एक अस आणि पुरुषांना अर्धा अस शुल्क होते, आणि बायकांची वेळ सकाळची, पुरुषांची दुपारनंतरची. रोमपासून इतक्या दूर, डोंगरातल्या खाणीवर, स्नानाची किंमत अर्ध्या असात सांगता येत होती. साम्राज्य म्हणजे रस्ते आणि सैन्य असे आपण म्हणतो. खाणीवरच्या माणसाच्या मुठीतला अर्धा अस हाही साम्राज्याचाच भाग होता.

राज्यालाही या लहान नाण्याची पोहोच ठाऊक होती. कालिगुलाने विक्रीवरील कर माफ केला तेव्हा ती वार्ता त्याने सोन्याच्या नाण्यावर घातली नाही. क्वाद्रान्सवर, म्हणजे सर्वांत क्षुद्र चकतीवर, तीन अक्षरे आणि स्वातंत्र्याची टोपी छापून ती सांगितली. ज्यांना तो कर जाचत होता त्यांच्या हाती तेच नाणे पडणार होते.

जर्मनीतील काल्क्रीजे येथे १९८७ पासून सापडत गेलेल्या नाण्यांत असे बरेच आहेत. त्यांतल्या काहींवर 'वार' अशी अक्षरे स्वतंत्र शिक्क्याने ठोकलेली आहेत. क्विंक्टिलिउस वारुस हा इसवी सन ७ ते ९ या काळात तेथील सैन्याचा प्रमुख होता आणि इसवी सन ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या अरण्यात तीन लीजनांसह त्याचा नाश झाला. ते रणांगण काल्क्रीजेलाच होते या मताला या नाण्यांनी मोठे बळ दिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या शिक्क्याचे महत्त्व निराळे आहे. चांदीच्या नाण्याला सेनापतीच्या नावाची गरज नसते, त्याची चांदी पुरेशी असते. तांब्याच्या तुकड्यावर मात्र कोणीतरी 'हे माझ्या नावावर चालेल' असे सांगावे लागते.

शब्दावर चालणारे नाणे शब्दाच्या हद्दीबाहेर चालत नाही. याचा पुरावा आपल्या भूमीत आहे. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि टायबेरिअस यांची चांदीची नाणी हजारोंनी सापडली आहेत, सोन्याचीही पुष्कळ आहेत. त्याच काळातली सेस्टर्शिअस आणि अस मात्र क्वचितच आढळतात. भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा होतो, असे 'पेरिप्लस' या समकालीन ग्रीक प्रवासग्रंथात नोंदवले आहे. तांबे, कथील आणि शिसे यांची आयातही तो नोंदवतो, पण ती धातू म्हणून. दख्खनमधील सातवाहनांची स्वतःची व्यवस्था होती. त्यांचा रोजचा व्यवहार शिसे आणि पोटीन या हलक्या मिश्रधातूच्या नाण्यांवर चाले, आणि त्या नाण्यांमागे त्यांचा शब्द होता. एका राज्याच्या शब्दाचा दुसऱ्याच्या बाजारात उपयोग नव्हता. देनारिअस हा शब्द 'दीनार' होऊन संस्कृतात आला, अस आला नाही.

साम्राज्याच्या आतही या व्यवस्थेला छिद्रे होती. पूर्वेकडील प्रांतांत शेकडो शहरे स्वतःची तांब्या-पितळेची नाणी पाडत, आणि ती त्या त्या परिसरातच चालत. कर, भाडे आणि मोठे सौदे चांदीत होत. म्हणजे सामान्य माणसाला चांदी आणि तांबे यांच्या सीमेवर सतत ये-जा करावी लागे, आणि त्या सीमेवर सराफ बसलेला असे. पेर्गामन शहरातील हाड्रिअनच्या काळचा एक शिलालेख या सराफांविषयीच आहे. त्यांना देनारिअसच्या मोबदल्यात १७ अस देण्याची आणि तोच देनारिअस देताना १८ अस घेण्याची मुभा होती. प्रत्यक्षात ते याहूनही जास्त उकळत होते आणि भरडले जात होते ते किरकोळ दुकानदार व मासेविक्रेते. मराठीत 'बट्टा' या शब्दाला मोड करताना कापली जाणारी रक्कम आणि कलंक असे दोन्ही अर्थ आहेत. पेर्गामनच्या मासेविक्रेत्यांना या दोन अर्थांचे नाते समजावून सांगावे लागले नसते. ज्याच्या घरी चांदी होती त्याला बट्टा क्वचित द्यावा लागे. दिवसाची कमाई तांब्यात करणाऱ्याला तो रोज द्यावा लागे.

तिसऱ्या शतकात शिडीच मोडली. इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा चांदीच्या भ्रष्टतेची म्हणून येते. काराकालाने २१५ मध्ये दोन देनारिअस किमतीचे म्हणून समजले जाणारे एक नवे नाणे काढले. त्यात आरंभी निम्म्याच्या आसपास चांदी होती. अवघ्या पंचावन्न वर्षांच्या अवधीत, म्हणजे २७० पर्यंत, ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. पण हीच गोष्ट पितळेच्या बाजूने पाहा. नियमाप्रमाणे दोन देनारिअस म्हणजे आठ सेस्टर्शिअस. आठ सेस्टर्शिअसांचे पितळ दीडशे ग्रॅमच्या पुढे भरे, आणि त्यांच्या बदल्यात मिळणारे 'चांदीचे' नाणे म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तीन-एक ग्रॅम तांब्याचा तुकडा. ज्याच्या हाती सेस्टर्शिअस असे, त्याने ते वितळवावे किंवा पुरून ठेवावे, हेच शहाणपणाचे होते. २६० च्या दशकात गॉलमध्ये स्वतंत्र झालेल्या पोस्तुमुसने जुन्या सेस्टर्शिअसांवरच नवा छाप ठोकून त्यांची किंमत दुप्पट करून पाहिली. त्याचा उपयोग झाला नाही. पुढील काही वर्षांत सेस्टर्शिअस व्यवहारातून नाहीसे झाले. पूर्वेकडील शहरांच्या टाकसाळीही २७५ च्या सुमारास कायमच्या बंद पडल्या. नाण्यांनी राज्याला दिलेले कर्ज बुडाले होते, आणि धनको होते बाजारातले लोक.

याच सुमाराचा एक दस्तऐवज इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे मिळाला आहे. २६० मध्ये तेथील जिल्हाधिकाऱ्याने हुकूम काढला, की सराफांनी पेढ्या उघडाव्यात आणि खोटी नाणी वगळता सम्राटांच्या छापाची सर्व नाणी स्वीकारावीत. नाणी घ्यायची नाहीत म्हणून सराफांनी पेढ्या बंद केल्या होत्या. विश्वास असतो तेव्हा असा हुकूम काढावा लागत नाही. विश्वास गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही. २७१ मध्ये खुद्द रोमच्या टाकसाळीतील कामगारांनी बंड केले आणि ऑरेलिअनला आपलेच सैन्य त्यांच्यावर घालावे लागले.

डायोक्लेशनने २९४ च्या सुमारास पुन्हा घडी बसवण्याचा प्रयत्न केला. त्याने थोडी चांदी मिसळलेले, दहा ग्रॅमच्या आसपासचे एक भरदार कांस्यनाणे काढले. त्याच्यावर 'रोमन जनतेची अधिष्ठात्री देवता' अशा अर्थाची अक्षरे होती. त्या जनतेला मात्र त्याची किंमत सांगून टिकवणे जमले नाही. आफ्रोडिसिअस येथील शिलालेखानुसार १ सप्टेंबर ३०१ पासून नाण्यांची किंमत दुप्पट करण्यात आली. त्याच वर्षाअखेर हजाराहून अधिक वस्तूंचे कमाल भाव ठरवणारे प्रसिद्ध फर्मान निघाले आणि ते मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरली. त्या फर्मानात शेतमजुराची दिवसाची मजुरी जेवणासह २५ देनारिअस आहे. ऑगस्टसच्या हिशेबात २५ देनारिअस म्हणजे एक सुवर्णनाणे. मजूर श्रीमंत झाला नव्हता, नाव पोकळ झाले होते. भीतीपोटी माल बाजारातून नाहीसा झाला आणि क्षुल्लक वस्तूंसाठी रक्त सांडले, असे लॅक्टॅन्शिअस लिहितो. तो डायोक्लेशनचा कट्टर विरोधक होता हे ध्यानात ठेवूनही, फर्मान फार टिकले नाही हे मान्य करावे लागते.

अशा वेळी शब्द फिरला की नुकसान कोणाच्या पदरात पडते? या काळातील एक पत्र आज मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. इजिप्तमधील डायोनिसिअस नावाचा माणूस आपल्या हस्तकाला, आपिओला, कळवतो : इटालियन नाण्याची किंमत निम्मी करण्याचा हुकूम आमच्या धन्यांनी केला आहे, तेव्हा तुझ्याजवळ असलेला सगळा इटालियन पैसा तातडीने खर्च कर आणि मिळेल त्या भावाने मिळेल तो माल माझ्यासाठी विकत घे. यात लबाडी केलीस तर मी चालवून घेणार नाही, अशी तंबीही तो देतो. बातमी त्याला आधी कळली होती. आपिओने ज्यांच्याकडून माल घेतला असेल, त्यांना ती नंतर कळली असणार. उद्या निम्मी होणारी नाणी आज त्यांच्या गळ्यात मारली गेली. चलनाचे संकट सर्वांवर सारखे कोसळते ही समजूत या एका पत्राने खोटी ठरते.

कॉन्स्टंटाइनने तोडगा काढला तो सोन्यात. रोमन पौंडाच्या बहात्तराव्या हिश्शाचे, सुमारे साडेचार ग्रॅमचे सॉलिडस हे नाणे पुढे सातशे वर्षे खरे राहिले, आणि इतिहासकार त्याचे योग्य ते कौतुक करतात. राज्याने आता शब्द दिला तो सोने बाळगणाऱ्यांना. कांस्यनाण्याला कोणी वाली उरला नाही. त्याचे वजन घटत घटत पाचव्या शतकात एका ग्रॅमच्या आसपास आले. ज्याच्या हाती हे तुकडे होते त्याला कर भरण्यासाठी सोने विकत घ्यावे लागे. चौथ्या शतकातल्या एका अनामिक लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या प्रबंधात हे स्पष्ट म्हटले आहे : लहान व्यवहारांतही सोने आले, त्याने सामर्थ्यवानांची घरे भरली आणि गरीब चिरडले गेले. ४४५ च्या एका कायद्यात सॉलिडसचा भाव सापडतो. ७२०० लहान नाण्यांना घेतलेले सॉलिडस ७००० हून कमी दराने विकले जाऊ नये, असे तो सांगतो. ऑगस्टसच्या सुवर्णनाण्याला ४०० अस लागत होते.

यानंतर अर्धशतकाने, ४९८ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या आनास्तासिउस या सम्राटाने पुन्हा एकदा मोठी तांब्याची नाणी पाडली. ४० लहान नाण्यांच्या किमतीच्या नाण्यावर ४० चा ग्रीक अंक एवढा मोठा कोरला की कोणालाही दुरून वाचता यावा. मोठ्या लढाया आणि धर्मवाद नोंदवणाऱ्या मार्सेलिनुस या बखरकाराने त्या वर्षाखाली या नाण्यांचीही नोंद केली आहे, आणि हा बदल लोकांना रुचला असे त्याने लिहिले आहे. ग्राटिडिआनसच्या पुतळ्यांपुढचे धूपदीप आणि ही नोंद यांच्यात जवळजवळ सहाशे वर्षांचे अंतर आहे. रोमन जनतेच्या मनात काय होते हे सांगणारे पुरावे फार थोडे आहेत. त्यांतले हे दोन असे आहेत की त्यांत लोकांना विजय किंवा खेळ यांचा आनंद झालेला नाही. हातातल्या तांब्याच्या तुकड्याची किंमत काय, हे कोणीतरी स्पष्ट सांगितले, एवढ्यासाठीच त्यांना आनंद झाला आहे.